पेटीत म्हैस नव्हती

उद्यमनगरात माझं दुकान, मोटर रिवायंडिंगचं.
पाण्यात बुडालेले पंप, जळक्या वार्निशचा वास,
तांब्याच्या तारेची भेंडोळी,
आणि वरच्या फळीवर, जिथं गिऱ्हाइकाची नजर जात नाही,
एकोणीस जनावरं.

पहिलं कासव. पिंपरीच्या भाच्यानं पाठवलेलं,
"मामा, हाताला चाळा म्हणून."
चौकटीतून एकेक पाय कापून काढला,
राहिलेली बोच ब्लेडनं तासली,
पांढऱ्या गिअरला करंगळीनं ग्रीस.
कागदावर सगळी जपानी अक्षरं,
पण आटा कुठल्या बाजूनं बसतो
हे कुठल्याही भाषेत एकच.
दोन सेल घातले. ते चाललं.
पस्तीस वर्षं मी मोटरी फिरवल्या होत्या,
चालवली एकही नव्हती.

मग नाद लागला. जिराफ, शहामृग, डुक्कर,
एक कांगारू, जे उडी मारतं आणि तोंडावर आपटतं
(माझं सगळ्यात लाडकं).
हत्ती फरशीवर सोडला की पोरं कामं टाकून
"साठमारी, साठमारी" करत त्याच्यापुढं
पाने घेऊन नाचायची.
बायको म्हणाली, "लोकं सोनं घेत्यात, तुमी गाढवं घ्या."
त्यात गाढव नव्हतं. पण तिला कुठं मोजायचं होतं!

सिदाप्पा गवळी कडबाकुट्टीची मोटर घेऊन आला,
मान वर करून बघत राहिला.
"समदं हाय की, दस्तगीरमामा. म्हस कुठाय?"
पेट्या पालथ्या घातल्या, मागची यादी बघितली.
त्या लोकांनी पेंग्विन केलाय, अस्वल केलंय,
म्हैस कुणाच्या डोक्यात आली नाही.
"दूध पेत न्हाईत व्हय तिकडं?"

गेंडा होता.
नाकावरचं शिंग करवतलं. तेवढ्यापुरता हात थांबला.
कपाळाला चौदा गेजची तार, मागं वळवून.
"आजून मागं. आजून वाईच. आमची पाखरी हाय ती."
अंगाला काळ्या वार्निशचे दोन हात.
गेंडा गेला, म्हैस आली; एकोणीसच राहिली.

चालली, पण डावीकडं.
कशीही ठेवा, डावीकडं.
पाय घासले, पितळेचा नवा दांडा ओतून आणला,
तरी डावीकडं.
"गोठा तिकडं आसंल तिचा," म्हणून
सिदाप्पानं पन्नास रुपये जास्त ठेवले.
मी म्हटलं, दूध चालेल.

तोच सांगायचा, पाखरी हाकेला येत नाही,
पेंड दाखवली तरी नाही,
सायलेन्सर काढलेल्या त्याच्या गाडीचा आवाज ऐकला
की दावं तोडते.
पुढचं खूळ माझं.
टाळीवर पेटणारा एक दिवा पडून होता,
त्यातला माइक काढून म्हशीच्या पोटात बसवला.
टाळी वाजवली. नाही. शिट्टी मारली. नाही.
दुकानात कुणी नाही बघून
नावानं हाक मारली.
मग फळीवर ठेवून दिली. सेल काढायचे राहिले.

पाडव्याला गवळ्यांच्या म्हशी निघाल्या.
शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्या, पायात तोडे,
पुढं सिदाप्पाची गाडी, फाडफाड फाडफाड,
मागं पाखरी, रस्ता हादरवत.
मी उंबऱ्यात उभा. गाडी समोरून गेली
आणि पाठीमागं काहीतरी कुरकुरलं.

वळेपर्यंत
शहामृग आडवं, जिराफ भिंतीला,
आणि माझी म्हैस फळीच्या कडेवर, न थांबता.
सहा फुटांवरून खाली.
पोट उघडलं, सेल घरंगळत गेला एक,
दुसरा कसाबसा तारेला धरून, तरी
पाय आणखी दोनदा हलले, हवेत.
(एका सेलवर हलायला नको होते.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.)

डावं शिंग वाकलं ते तसंच ठेवलंय.
सिदाप्पा म्हणतो, असलं शिंग लाखात एक,
बाजारात दहा हजारांनी किंमत चढते.
फळीच्या कडेला मात्र मी सागाची पट्टी ठोकली,
दोन बोटं उंच.
खिळे ठोकताना पोरगं विचारत होतं, "मामा, हे कशाला?"
म्हटलं, गोठ्याला आडणा लागतो.